पेढीवरील कारभारी : हेन्री थॉर्नटन

देवळातली भक्ती निराळी आणि बाजारातला व्यवहार निराळा, अशी समजूत आमच्या मंडळ्यांतून अजून पुष्कळ ठिकाणी आढळते. पैशाचा धंदा मुळातच डागाळलेला. त्यात शिरलेल्या मनुष्याने अधूनमधून दानधर्म करावा, ह्याहून अधिक अपेक्षा त्याजकडून करू नये, असे कित्येक जण बोलून दाखवितात. दुसऱ्याच्या पैशाची देवघेव करणे, ठेव कोठे ठेवावी ह्याविषयी सल्ला देणे, कर्ज कोणास द्यावे व कोणास देऊ नये हे ठरविणे, ही कामे ज्यांच्या वाट्यास आली आहेत त्यांच्या मनालाही ही समजूत हळूहळू झोप आणते. म्हणून लंडन शहरात तीस वर्षे पेढी चालविणाऱ्या एका ख्रिस्ती गृहस्थाचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो. त्यांचे दान प्रसिद्धच आहे. पण आमच्या मते त्यांच्या दानाहून त्यांचे जमाखर्च अधिक बोलके आहेत.

हेन्री थॉर्नटन ह्यांचा जन्म १० मार्च १७६० रोजी लंडनच्या दक्षिणेस क्लॅपम ह्या गावी झाला. त्या काळी ते शहराबाहेरचे लहान गाव होते. आता ते लंडनच्या पोटात गेले आहे. त्यांचे वडील जॉन थॉर्नटन हे रशियाशी व्यापार करणारे धनाढ्य व्यापारी असून सुवार्तेच्या कार्यास मुक्त हस्ताने मदत करणारे होते. एके काळी गुलामांच्या जहाजावर कप्तान असलेले व पुढे पश्चात्ताप पावून पाळक झालेले जॉन न्यूटन हे ओल्नी गावी सेवा करीत असता, पाहुण्यांच्या व गोरगरिबांच्या खर्चासाठी जॉन थॉर्नटन त्यांस दरसाल २०० पौंड देत असत. अशा घरात हेन्री वाढले. मात्र त्यांचे शिक्षण बेताचेच झाले. लहानपणीच त्यांस शाळेत घातले. तेथे अनेक विषय शिकविले, पण एकही खोलवर शिकविला नाही. विद्यापीठात ते गेले नाहीत. १७७८ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ते एका आप्ताच्या व्यापारी कचेरीत उमेदवारीस लागले; दोन वर्षांनी वडिलांच्या धंद्यात आले; आणि १७८४ साली बँक ऑफ इंग्लंडच्या शेजारील एका पेढीत भागीदार झाले. पुढे ही पेढी डाऊन, थॉर्नटन आणि फ्री ह्या नावाने चालू लागली, व मरेपर्यंत ते तीतच राहिले.

ह्या पेढीचे काम काय होते हे सांगितले पाहिजे. त्या वेळी इंग्लंडात गावोगावी लहान लहान पेढ्या असत. आमच्याकडे जशा हुंड्या चालत, तशाच तेथे व्यापाऱ्यांच्या हुंड्या चालत; शिवाय गावच्या पेढ्या आपापल्या नोटाही काढीत. ह्या पेढ्या आपली शिल्लक लंडनच्या एखाद्या मोठ्या पेढीकडे ठेवीत, अडचणीच्या वेळी तिच्याकडे हात पसरीत, आणि कोणाची हुंडी घ्यावी, कोणावर विश्वास टाकावा, ह्याविषयी तिचा सल्ला घेत. म्हणजे लंडनच्या सावकाराने एका मनुष्यास चांगला म्हटले की त्याची पत शेकडो कोस दूर वाढे. ज्याने त्या मनुष्यास कधी पाहिले नाही असा शेतकरी किंवा दुकानदारही त्याच्या कागदावर आपला माल देऊन टाकी. सावकाराच्या शब्दात एवढे बळ होते, आणि म्हणूनच त्यात एवढा धोकाही होता.

१७८२ साली थॉर्नटनसाहेबांस पार्लमेंटात जाण्याची संधी आली. प्रथम हल शहरातून उभे राहण्याचा विचार होता. परंतु तेथे प्रत्येक मतदारास दोन गिनी देण्याचा रिवाज आहे असे कळताच त्यांनी माघार घेतली. त्यानंतर लंडनजवळच्या सदर्क मतदारसंघातून ते उभे राहिले. तेथेही दर मतामागे एक गिनी देण्याची वहिवाट होती. त्यांनी एकही गिनी दिली नाही, तरी ते निवडून आले; आणि १८१५ साली मरण येईपर्यंत तेथील मतदारांनी त्यांस आपला प्रतिनिधी म्हणून ठेवले. ते मोठे वक्ते नव्हते. पण पैशाच्या प्रश्नावर ते बोलू लागले म्हणजे दोन्ही पक्षांचे लोक लक्ष देऊन ऐकत.

१७९२ साली त्यांनी क्लॅपम येथे बॅटरसी राइझ नावाचे घर विकत घेतले. त्यांचे आप्त व जिवलग स्नेही विल्यम विल्बरफोर्स हे काही वर्षे तेथे त्यांच्याबरोबर राहत. गावचे पाळक जॉन व्हेन, झकारी मॅकॉले, जेम्स स्टीफन आणि दुसरे स्नेही ह्यांच्या बैठका त्या घरी भरत. गुलामांचा व्यापार बंद पाडण्याचे बेत पुष्कळ अंशी तेथेच शिजले. १७९६ साली हल येथील मॅरिअॅन साइक्स ह्यांच्याशी हेन्रींचा विवाह झाला, आणि देवाने त्यांस नऊ लेकरे दिली.

आता त्यांच्या हिशेबाच्या वहीकडे वळू. विवाहापूर्वी ते आपल्या मिळकतीच्या सात भागांपैकी सहा भाग देऊन टाकीत व राहिलेल्या एका भागावर निर्वाह करीत. विवाहानंतर संसार वाढला, तरी निदान एक तृतीयांश ते देतच राहिले. आमच्यापैकी ज्यांस दशमांश जड वाटतो, त्यांनी हे आकडे स्वस्थपणे वाचावे. पण एक गोष्ट ध्यानात धरावी. थॉर्नटन भोळ्या उदारपणाने पैसे उधळणारे नव्हते. कोणास किती दिले, का दिले, त्याचा उपयोग काय झाला, हे ते लिहून ठेवीत. मागणाऱ्याची चौकशी करीत. देण्याने एखाद्याचे नुकसानच होईल असे दिसले तर देत नसत. आपण ह्या संपत्तीचे धनी नसून कारभारी आहो आणि कारभाऱ्यास एक दिवस हिशेब द्यावयाचा आहे, ही शिकवण त्यांनी शब्दशः घेतली होती.

ह्याच वृत्तीचे आणखी एक उदाहरण क्लॅपममधील त्यांच्या स्नेह्याचे चिरंजीव सर जेम्स स्टीफन ह्यांनी नमूद करून ठेवले आहे. फ्रान्सशी युद्ध चालू असता इंग्लंडात प्राप्तीवरील कर बसला. श्रीमंतांवर ह्या कराचा बोजा प्रमाणाने अधिक असावा, असे थॉर्नटन ह्यांचे मत होते. पण ते मान्य झाले नाही. तेव्हा आपल्या मते आपणांवर जेवढा कर पडणे न्यायाचे होते, तेवढा ते गाजावाजा न करता भरू लागले. पार्लमेंटात एक बोलावे आणि आपल्या वहीत दुसरे लिहावे, हे त्यांस जमले नाही.

१७९३ साली फ्रान्सशी युद्ध जुंपले आणि इंग्लंडातील अनेक पेढ्या बुडाल्या. १७९७ च्या फेब्रुवारीत शत्रूचे सैन्य वेल्सच्या किनाऱ्यावर उतरले. त्या भयाने लोक नोटा देऊन सोने मागण्यास धावले, आणि अखेर बँक ऑफ इंग्लंडने नोटांच्या बदल्यात सोने देणे थांबविले. ह्या आपत्तीची चौकशी करणाऱ्या पार्लमेंटच्या समित्यांपुढे थॉर्नटन ह्यांची साक्ष झाली. पुढे १८०२ साली त्यांनी ग्रेट ब्रिटनमधील कागदी पतीवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्यास शाळेत धड शिक्षण मिळाले नाही, अशा मनुष्याचा हा ग्रंथ अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी पुढे श्रेष्ठ प्रतीचा मानला. १९३९ साली प्रसिद्ध पंडित हायेक ह्यांनी त्याची नवी आवृत्ती प्रस्तावनेसह काढली.

ह्या ग्रंथाचे सार साध्या शब्दांत असे सांगता येईल. पैशाचा सगळा व्यवहार विश्वासावर चालतो. भीती पसरली म्हणजे जो तो आपल्यापुरते पाहतो, हातचे राखून ठेवतो. त्यामुळे सचोटीचा व्यापारीही बुडतो, आणि त्याच्या मागे त्याचे कामकरी उपाशी मरतात. अशा वेळी देशाच्या मुख्य बँकेने हात आखडून घेऊ नये. ज्यांची मालमत्ता खरी आहे त्यांस कर्ज देऊन धीर द्यावा. परंतु शांततेच्या काळी नोटा बेसुमार वाढविल्या, तर महागाई होते व गरिबाच्या मजुरीचे मोल घटते. म्हणून तेव्हा हात आवरलाच पाहिजे. १८१० साली सोन्याच्या वाढत्या भावाची चौकशी करण्यास नेमलेल्या समितीत ते होते. नोटा फार झाल्या आहेत व बँकेने पुन्हा सोने देऊ लागावे, असा तिने अहवाल दिला. हे मत सरकारास नको होते; बँकेच्या डायरेक्टरांस तर मुळीच नको होते, आणि हेन्रींचे वडील बंधू सॅम्युअल हे त्या बँकेचे गव्हर्नर होऊन गेले होते. तरी आपणांस जे खरे वाटले ते हेन्रींनी सभागृहात मांडले. १८११ साली ते फेटाळले गेले; परंतु त्यांच्या मरणानंतर, १८२१ साली, बँकेने नोटांच्या बदल्यात पुन्हा सोने देण्यास आरंभ केला.

आता त्यांच्या धंद्यातील सर्वांत मोठ्या कसोटीकडे येऊ. ही हकीकतही सर जेम्स स्टीफन ह्यांनीच सांगितली आहे. थॉर्नटन ह्यांच्या नकळत त्यांच्या पेढीतून एका व्यापारी मंडळीस अविचाराने मोठमोठ्या रकमा कर्जाऊ दिल्या गेल्या. ती मंडळी डबघाईस आली. तिने दिवाळे काढावे व जे काय उरले असेल ते सर्व सावकारांनी वाटून घ्यावे, म्हणजे निदान आपली पेढी वाचेल, असा सल्ला थॉर्नटन ह्यांस मिळाला. कायद्याने ह्यात काही गैर नव्हते. बाजारात रोज असेच होत होते. पण थॉर्नटन ह्यांनी तो सल्ला मानला नाही. त्यांचे म्हणणे असे की, आमच्या पेढीने ह्या लोकांस नको तेवढा पैसा दिला, म्हणूनच त्यांची पत वाढली. ती पत पाहून दुसऱ्यांनी त्यांस माल व पैसा दिला. तेव्हा आमच्या चुकीने उभ्या राहिलेल्या पतीचा तोटा त्या निरपराध लोकांनी का सोसावा? त्यांनी त्या मंडळीचे देणे शेवटच्या पैपर्यंत फेडले. त्यात त्यांच्या एकट्याच्या अंगावर २०,००० पौंडांहून अधिक भार पडला. त्या वेळी त्यांची प्रकृती ढासळत चालली होती आणि नऊ लेकरे वाढावयाची होती. असेच एकदा एका जवळच्या नातलगाचा धंदा बुडाला, तेव्हा थॉर्नटन ह्यांचे नाव पाठीशी आहे असे समजून ज्यांनी त्यास उधार दिले असेल, त्यांचे आपण काही लागतो काय, ह्याचा त्यांनी विचार केला. आणि स्वतः कोणतेही वचन दिलेले नसता पदरचे पैसे मोजले.

वाचकहो, दान देणे आणि अशा रीतीने देणे फेडणे ह्यांत फरक आहे. दान दिले म्हणजे लोक स्तुती करतात. पण जे देणे कायद्याने लागू नाही, जे न फेडल्यास कोणी नावे ठेवणार नाही, ते केवळ आपल्या शब्दामुळे दुसरा फसला म्हणून फेडणे, हे देवाला भिऊन वागणाऱ्यासच सुचते.

ह्या थोर मनुष्याच्या हातून काही चुकलेच नाही, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकी लोकांस स्वतःचे गाव मिळावे आणि गुलामांच्या व्यापाराऐवजी प्रामाणिक व्यापार वाढावा, म्हणून १७९१ साली सिएरा लिओन कंपनी स्थापन झाली, व थॉर्नटन तिचे अध्यक्ष झाले. १७९२ साली नोव्हा स्कोशियाहून सुमारे बाराशे मुक्त लोक तेथे आले व फ्रीटाऊन शहर वसले. ह्या लोकांस आणावयास गेलेले जॉन क्लार्कसन ह्यांनी त्यांस जमिनीवर खंड पडणार नाही, असा शब्द दिला होता. लंडनच्या डायरेक्टरांनी मात्र खंड बसविला. जमिनीही ठरल्याहून कमी मिळाल्या. १७९३ साली आयझॅक अँडरसन व केटो पर्किन्स हे दोघे वसाहतीतर्फे समुद्र ओलांडून लंडनला गाऱ्हाणे घेऊन गेले. त्यांची दाद लागली नाही. हा असंतोष धुमसत राहिला आणि १८०० साली बंडाळी झाली. ती मोडण्यात आली व अँडरसन फासावर गेला. कंपनीचे दोन लाखांहून अधिक पौंडांचे भांडवल बुडाले, आणि १८०८ साली वसाहत सरकारच्या स्वाधीन झाली. आपल्या पेढीच्या पतीवर विसंबलेल्या व्यापाऱ्यांचे देणे ज्याने पैपर्यंत फेडले, त्याच्याच अध्यक्षतेखाली, कंपनीच्या माणसाने गरीब लोकांस दिलेला शब्द मोडला गेला. हे लिहिताना आम्हांस दुःख होते; पण ते झाकणे योग्य नव्हे. कचेरीत बसून दूरच्या गरिबाविषयी निर्णय घेणाऱ्या सर्व समित्यांनी, मिशनच्या समित्यांनीसुद्धा, हा धडा घ्यावा. धनको दारात उभा राहतो, म्हणून त्याचे ऐकावे लागते. गरीब दूर असतो, म्हणून त्याचे ऐकण्याकरिता कान मुद्दाम उघडे ठेवावे लागतात.

तरीही गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्यांनी केलेले श्रम वाया गेले नाहीत. १८०७ साली पार्लमेंटाने तो व्यापार कायद्याने बंद केला. विल्बरफोर्स बोलत, तर थॉर्नटन आकडे तपासीत, पैसा उभारीत व अहवाल लिहीत. अनेक संस्थांच्या तिजोरीची किल्ली त्यांच्याच हाती आली. हॅना मोर बाईंनी १७९५ पासून गोरगरिबांसाठी स्वस्त पुस्तिका काढल्या, त्यांचे खजिनदार ते होते. १७९९ साली चर्च मिशनरी सोसायटी निघाली, तिचे खजिनदार ते झाले. १८०४ साली ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटी निघाली, तिचे पहिले खजिनदारही तेच.

ह्या दोन्ही संस्थांचे ऋण महाराष्ट्रातील मंडळ्यांवर आहे. चर्च मिशनरी सोसायटीने १८२० साली मुंबईत व १८३२ साली नाशकास काम सुरू केले. नाशिकजवळचे शरणपूर त्याच सोसायटीने वसविले. गुलामांच्या जहाजांतून सोडविलेल्या आफ्रिकी मुलांस तेथे आसरा व शिक्षण मिळाले, आणि त्यांपैकी कित्येक जण १८७५ च्या सुमारास मोंबासाजवळच्या फ्रीअर टाऊन येथे सेवेस गेले. थॉर्नटन ह्यांनी हे पाहिले नाही. परंतु ज्या तिजोरीतून पुढे हा खर्च चालला तिचे पहिले हिशेब त्यांनी लिहिले होते. खजिनदाराचे नाव सहसा कोणी घेत नाही; पण त्याची वही चोख नसेल, तर उपदेशकाच्या पायांत बळ राहत नाही.

घरी ते रोज सकाळी कुटुंबास व चाकरमाणसांस एकत्र जमवून प्रार्थना चालवीत. त्यासाठी त्यांनी स्वतः लिहिलेल्या प्रार्थना १८३४ साली पुस्तकरूपाने निघाल्या आणि इंग्लंडात घरोघर वापरल्या गेल्या. आपल्या रोजनिशीत ते स्वतःचीही तपासणी करीत. आपले मन कोरडे आहे, भक्तीत ऊब नाही, ह्याविषयी ते खंत करीत. मुलांसाठी मोठी दौलत साठवावी, असे ध्येय त्यांनी ठेवले नाही. त्यांचे दुसरे बंधू रॉबर्ट हे ईस्ट इंडिया कंपनीचे डायरेक्टर असून मोठ्या थाटाने राहत. शेवटी कर्जात बुडून त्यांस देश सोडावा लागला. एकाच बापाची ही दोन लेकरे. १६ जानेवारी १८१५ रोजी, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, हेन्री थॉर्नटन क्षयाने प्रभूमध्ये निद्रिस्त झाले. त्याच वर्षी त्यांची पत्नीही त्यांच्या मागून गेली, आणि पोरक्या लेकरांचा सांभाळ सर रॉबर्ट इंग्लिस व त्यांच्या पत्नी ह्यांनी पोटच्या मुलांप्रमाणे केला.

त्यांच्या मागे पेढीवर एक वादळ आले. १८२५ च्या डिसेंबरात लंडनमध्ये पुन्हा घबराट माजली. त्यांचे वडील चिरंजीव, त्यांचेही नाव हेन्रीच, त्याच वर्षी पेढीत भागीदार झाले होते. दुसऱ्या भागीदारांच्या बेपर्वाईने पेढीची शिल्लक आटली होती. बँक ऑफ इंग्लंडने मोठी रक्कम देऊन तिला सावरण्याचा यत्न केला; तरी काही दिवसांत तिची दारे बंद झाली. पण पुढे हिशेब झाला तेव्हा देणेकऱ्यांस पुरेल एवढी मालमत्ता पेढीजवळ असल्याचे दिसून आले. ती घबराट निवळली ती बँक ऑफ इंग्लंडने सढळ हाताने कर्जे दिली तेव्हा. म्हणजे बापाने तेवीस वर्षांपूर्वी ग्रंथात लिहिलेल्या मार्गानेच.

आता आमच्या गावांकडे पाहू. आमच्यात लंडनचे सावकार नाहीत. पण पतसंस्थेचे संचालक आहेत, बचत गटाच्या वह्या लिहिणाऱ्या भगिनी आहेत, विम्याचे काम करणारे व ठेवी गोळा करणारे तरुण आहेत, मंडळीचे खजिनदार आहेत. गावातील विधवा आपली शिल्लक कोठे ठेवू, असे त्यांस विचारते, कारण ते देवळात येणारे आहेत. म्हणजे त्यांच्या सल्ल्यामागे प्रभूचे नाव जामीन राहिलेले असते. ज्या योजनेवर आपणांस जास्त दलाली मिळते तीच तिला चांगली म्हणून सांगितली, किंवा आपण स्वतः न तपासलेल्या कागदावर तिचा अंगठा घेतला, तर त्या पापावर दशमांशाचे पांघरूण पुरत नाही. दुसऱ्यासाठी घाईने जामीन राहू नये, असे नीतिसूत्रे शिकवितात. आणि राहिलाच, तर आपल्या शब्दाचे मोल पुरते मोजावे, असे थॉर्नटन ह्यांचे चरित्र शिकविते.

ज्यांच्या हाती दुसऱ्याचा पैसा आहे त्यांनी ह्या आठवड्यात एकदा आपली वही प्रार्थनेपूर्वी उघडावी, आणि जिच्या ठेवीविषयी आपण सल्ला दिला त्या विधवेसमोर ती वाचून दाखविता येईल काय, हे स्वतःस विचारावे. येत नसेल, तर आधी तिच्या घरी जावे, तिचा हिशेब पुरा करावा, आणि मग उपासनेस यावे. आमच्या मंडळ्यांतील अशा प्रत्येक कारभाऱ्यास प्रभू शुद्ध बुद्धी व धैर्य देवो.